गाण्याच्या ऑडिशनला मुलीला न्यावं का? (उत्तरात राणीची बागही आहे)

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी ११ वर्षांची आहे, चिपळूणच्या जवळ राहता, चार वर्षं क्लास चालू आहे, गाण्याची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा झालीय आणि आता टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन मुंबईत लागलीय. सासरे म्हणतात न्या, क्लासच्या बाई म्हणतात इतक्यात नको, आणि मुलगी रोज आरशासमोर कंगवा धरून गातेय. न्यावं का, नेलं तर तयारी काय करायची, आणि निवड झालीच तर पुढे काय.

मी रत्नागिरीत २६ वर्षं गाणं शिकवते. या काळात माझ्याकडची १७ मुलं कुठल्या ना कुठल्या ऑडिशनला जाऊन आली, त्यातल्या ११ जणांबरोबर मी स्वतः गेले होते. टीव्हीवर दिसला एकच, तोही तीन भागांपुरता आणि त्यातल्या एका भागात नुसता टाळ्या वाजवताना. तेव्हा निवड हमखास कशी होईल हे माझ्याकडून मिळणार नाही, पण न्यायचं कसं ते सांगू शकते. माझं मत, जरूर न्या, फक्त त्या एका दिवसासाठी मुलीला खुडू नका. खुडू नका हा शब्द माझा नाही, राणीच्या बागेतल्या एका माळ्याचा आहे, त्याच्याकडे येते.

आधी ऑडिशन कशी असते ते सांगते, कारण टीव्हीवर जी दिसते ती ऑडिशन खूप नंतरची असते. पहिल्या फेरीला ते ओळखीचे परीक्षक वगैरे नसतात. एखाद्या शाळेत किंवा हॉलमध्ये सकाळपासून रांग, फॉर्म, फोटो, आधार कार्ड, छातीवर नंबरचा स्टिकर, मग बसा. आत एका वर्गात टेबलामागे दोन-तीन जण, एक कॅमेरा. पेटी नाही, तबला नाही, ट्रॅकही बहुतेक वेळा नाही. मूल उभं राहतं, नाव सांगतं, गायला लागतं आणि मिनिटभरात, कधी त्याच्याही आधी, थांबवतात. आवडलं तर दुसरं काहीतरी वेगळ्या मूडचं म्हण सांगतात. मग गप्पा मारतात, गाव कुठलं, बाबा काय करतात, घरी कोण गातं. या गप्पा उगाच नसतात बरं का, त्यांना कार्यक्रम बनवायचा असतो, कॅमेऱ्यासमोर मूल बोलतं का, त्याच्या घरची काही गोष्ट दाखवता येईल का हे सगळं बघतात. आधीच तीन गोड आवाजाच्या मुली घेतल्या असतील तर चौथी कितीही सुरात गायली तरी त्यांना तेव्हा पखवाज वाजवणारा मुलगा हवा असतो. यात कोणाचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्यांचं ते काम आहे. पण आपण घरी येऊन मुलीला "कुठे चुकलीस ते आठव" म्हणत बसतो ते मात्र चूक, कारण कित्येकदा ती कुठेच चुकलेली नसते.

आता तयारी. सगळ्यात जास्त मुलं कशात जातात माहितीये? पट्टीत, म्हणजे आपला सा ज्या उंचीवर धरायचा त्यात. क्लासमध्ये तानपुरा चालू असतो, घरी कराओके ट्रॅक असतो, तिथे काहीच नसतं. घाबरलेलं मूल नेहमीच्या पट्टीच्या दोन-तीन पट्ट्या वर सुरू करतं, मुखडा छान जातो, समोरच्यांच्या भुवया वर जातात आणि अंतऱ्याला वरच्या पंचमावर आवाज चिरकतो. मी यासाठी एक खेळ करते. मूल शाळेतून आलं, दप्तर खांद्यावर आहे, चप्पल पायात आहे, त्याच क्षणी "म्हण" सांगायचं. तानपुरा द्यायचा नाही. दोन ओळी झाल्या की पेटीवर बघायचं कुठे लागलाय सा. काळी चारची (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरणारी) मुलगी असेल आणि पांढरी सहाच्या पलीकडे निघाली असेल तर वहीत लिहून ठेवायचं. दिवसातून तीनदा, कधी जेवता जेवता, कधी झोपेतून उठल्यावर. तीन-चार आठवड्यांत मुलांना त्यांचा सा घशात कुठे बसतो ते अंगानेच कळायला लागतं. शिवाय ऑडिशनच्या दिवशी नंबर येईपर्यंत मोबाईलवरचा तानपुरा एका कानात हळू चालू ठेवायचा आणि दारातून आत जाताना मनातल्या मनात सा धरून जायचं, बस.

ट्रॅकबद्दल अजून एक. कराओकेवर तयार झालेल्या मुलांची लय ट्रॅक सांभाळत असतो, तो काढला की गाणं पळायला लागतं. म्हणून महिनाभर आधी ट्रॅक बंद, मांडीवर हाताने ताल धरून गायचं. गाणं कुठलं निवडू असं सगळे विचारतात, तर जे गाणं मुलगी वर्षभर गातेय तेच, पंधरा दिवस आधी नवीन गाणं अजिबात नको. एक मराठी एक हिंदी तयार ठेवा. पहिल्या ओळीतच आवाज कळेल असं गाणं हवं, चौथ्या ओळीला मुरकी आहे म्हणून निवडलेलं गाणं बरेचदा चौथ्या ओळीपर्यंत पोचतच नाही. आणि मूळ गायिकेची हुबेहूब नक्कल नको, ११ वर्षांच्या मुलीने तीस वर्षांच्या बाईसारखा श्वास सोडत गायलेलं मला तरी ऐकवत नाही.

घशाचे उपाय करू नका म्हणजे झालं. मध, ज्येष्ठमध, आल्याचा रस जे काही गिळतो ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागत नाही, बरं वाटतं एवढंच. पाणी, झोप आणि आदल्या दिवशी आरडाओरडा नाही, एवढं पुरतं. ट्रेनमध्ये खिडकीशी बसून अंताक्षरी खेळत जाणारी मुलं सकाळी दादरला घसा बसवून उतरतात हे मी दोनदा बघितलंय. मुलगा असेल आणि १२-१३ चा असेल तर आवाज फुटतोय का ते आधी बघा. फुटत असेल तर सरळ दीड-दोन वर्षं थांबा, त्यात ताणलेला आवाज नंतर फार त्रास देतो.

आता राणीची बाग. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची, आपण तिला मनू म्हणू, वय १२, अंधेरीच्या बाजूला ऑडिशन होती. मनूची आई, मनू, मी, आणि ऐन वेळी माझे अण्णा. अण्णा पोस्टातून रिटायर झालेले, तेव्हा ७४ वर्षांचे, मागच्या अंगणात जास्वंदीच्या ४३ कुंड्या, कलमं स्वतः करतात. त्यांनी पेपरातलं कात्रण काढून दाखवलं, की भायखळ्याला महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन आहे त्याच शनिवार-रविवारी, तुम्ही जाताच आहात तर मी पण येतो, तुमच्या मधे नाही येत. मला खरं तर वैताग आला होता. एक घाबरलेली मुलगी, तिची तिच्याहून घाबरलेली आई आणि वर गुडघे दुखणारे वडील.

शनिवारी तुतारी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरलो. साडेआठला रांगेत लागलो, मनूचा नंबर आला सव्वापाचला. मधल्या वेळात तिने वडापाव खाल्ला, दोनदा रडली, एका नाशिकच्या मुलीशी मैत्री केली. आत गेली आणि चाळीस सेकंदात बाहेर. "थँक यू बेटा" म्हणाले म्हणे. मी दाराबाहेरून ऐकत होते, पट्टी बरोबर होती, सूर बरोबर होता, काहीच चुकलं नव्हतं. रात्री मुक्कामाला मनूच्या मामाकडे डोंबिवलीला गेलो, ती पूर्ण वाट एक शब्द बोलली नाही, जेवली नाही.

रविवारी सकाळी अण्णा तयार होऊन दारात बसलेले, इस्त्रीचा शर्ट, छत्री (फेब्रुवारीत!). मग आम्ही सगळेच गेलो, मनूला एकटं ठेवायचं नाही म्हणून. राणीच्या बागेतलं हे प्रदर्शन बघितलं नसेल तर सांगते, साधारण जानेवारी अखेर किंवा फेब्रुवारीत असतं, महापालिकेचं उद्यान खातं भरवतं, कुंड्यांच्या रांगाच रांगा आणि फुलांनी सजवलेले मोठमोठे आकार, आणि त्या आकारांसमोर फोटो काढायला ही गर्दी. लोकांची निम्मी गर्दी पेंग्विनकडे. अण्णांना पेंग्विनमध्ये रस नव्हता, "तो गारठ्यातला पक्षी, त्याला इथे कशाला आणलाय" एवढं बोलून ते पिटुनियाच्या रांगेशी जे उभे राहिले ते हलेनातच. शेकडो कुंड्या, सगळ्या एका उंचीच्या, सगळ्या एकाच दिवशी भरून फुललेल्या. मला म्हणाले, "काय गो, ही सगळी एका दिवशी कशी फुलली? आपल्याकडे एका झाडावरच्या दोन कळ्या एका वेळेला उघडत नाहीत."

तिथे एक माळी झारीने पाणी घालत होता, त्याला विचारलं. तो निघाला कणकवलीचा. "तुमी खयसून इलास?" म्हणून त्याने झारी खाली ठेवली आणि मग अर्धा तास गेला. त्याचं म्हणणं असं, की ऑक्टोबरच्या आसपास बी टाकायचं, रोप जरा धरलं की शेंडा खुडायचा, बाजूचे फुटवे आले की परत खुडायचे, कळी लवकर धरली तर तीही खुडायची, असं खुडत खुडत झाडाला तारखेवर आणायचं. अण्णा वहीत लिहून घेत होते, खरंच, खिशात पोस्टाची जुनी वही असते त्यांच्या.

मनू आतापर्यंत गप्प होती. तिने विचारलं, "आणि जी तारखेला फुलली नाहीत ती?"

माळी म्हणाला, "ती मागे नर्सरीत हत. चार-आठ दिवसांनी फुलतली. वायट नाय ती."

"मग त्यांचं काय करता?"

"काय करतलंव, रस्त्याच्या दुभाजकात लावतंव."

मनूने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे बाई, मी दुभाजकात." आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना, मग तिची आई हसली, माळी हसला, अण्णांना काही कळलं नाही तरी तेही हसले. अजूनही क्लासमध्ये कोणाची निवड नाही झाली की मुलं म्हणतात, दुभाजकात गेला.

पण मी त्या दिवशी परतीच्या गाडीत विचार करत होते तो खुडण्याचा. कारण मी ते केलं होतं. मनूला नाही, आधीच्या मुलाला, ज्याचं वर सांगितलं, तीन भाग दिसलेला. त्याला मी आठ महिने फक्त चार गाणी घोटून घ्यायला लावली होती. राग बंद, पलटे (सुरांचे रोजचे सराव) बंद, परीक्षेचा फॉर्म भरला नाही, भजनाला जाऊ दिलं नाही, का तर आवाज खराब होईल. जे जे तारखेच्या कामाचं नाही ते सगळं काढलं. आणि ते लागू पडलं, निवड झाली, गावात बॅनर लागला. परत आल्यावर दोन वर्षं गणपतीत, सप्त्यात, लग्नाच्या हळदीला लोक तेच टीव्हीवरचं गाणं मागायचे आणि त्याच पट्टीत मागायचे. तेराव्या वर्षी आवाज फुटायला लागला तरी मागायचे. एका गणपतीत स्टेजवर त्या गाण्याच्या वरच्या षड्जावर त्याचा आवाज गेला, समोर पहिल्या रांगेत दोन जण हसले, आणि त्याने गाणं सोडलं. त्याच्याकडे त्या चार गाण्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच, मीच ठेवलं नव्हतं. तो आता पखवाज वाजवतो, डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) सुद्धा जातो, चांगला वाजवतो, मजेत आहे. गा म्हटलं की हसतो आणि विषय बदलतो.

म्हणून तुमच्या मुलीच्या बाई नको म्हणतायत ना, त्यांना हे विचारा की क्लास जसा चाललाय तसाच चालू ठेवून, रोजचे पलटे, रियाज, पुढच्या परीक्षेचं काम काही बंद न करता, फक्त ती पट्टीची गंमत आणि दोन गाणी जादा करून नेलं तर चालेल का. माझा अंदाज आहे त्या हो म्हणतील. गुरूला राग येतो तो ऑडिशनचा नसतो, बाकीचं सगळं बंद पडण्याचा असतो.

सासऱ्यांचं पण मी समजू शकते. आपल्या कोकणात हे वेड कधी लागलं ते मला चांगलं आठवतंय, २००८-०९ चं झी मराठीचं लिटिल चॅम्प्स, लहान मुलांची गाण्याची स्पर्धा. शेवटच्या पाचात आपले दोघं, आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन, लोक खास रिचार्ज मारून एसएमएस करत होते. त्या जूनमध्ये माझ्या क्लासला ९ मुलं होती ती ३१ झाली, आणि दिवाळीपर्यंत परत १४. जिंकली कार्तिकी गायकवाड, म्हणजे आपले दोघंही जिंकले नव्हते, हे आता निम्म्या लोकांना आठवतही नाही. कारण ती पाचही मुलं नंतर शिकत राहिली, गात राहिली, २०२१ च्या पर्वात तर पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत होती. सासऱ्यांना प्रथमेशचा दाखला द्यायचा असेल तर त्याचा गाण्याचा रियाजही दाखवा म्हणावं. दुसरा दाखला सगळे अरिजित सिंगचा देतात, २००५ ला फेम गुरुकुल या टीव्ही स्पर्धेतून बाहेर पडला तरी बघा कुठे पोचला. पोचला, खरंय. पण दर पर्वात बाहेर पडलेली बाकीची मुलं आता काय करतात हे कोणी विचारत नाही, त्यामुळे मी तो दाखला वापरत नाही.

आणि हो, मतांचा भाग. १९९५ ला झी वर सारेगम ही गाण्याची स्पर्धा सुरू झाली, सोनू निगम सूत्रसंचालन करायचा, तेव्हा गुण परीक्षक द्यायचे. २००४ ला इंडियन आयडॉल आलं आणि लोकांची मतं हा मोठा भाग झाला. यात गावाची संख्या, ओळखी, जातीपातीचे ग्रुप सगळं येतं. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, ११ वर्षांच्या मुलीला कळतं.

निवड झालीच तर काय, यावर थोडक्यात. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ ला नियम आले, त्यात मुलांच्या शूटिंगचं सगळं आहे. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. कागदावर सही करण्याआधी हे तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. करारनाम्यात पुढे किती दिवस दुसरीकडे गायचं नाही असं कलम असतं, ते गावातल्या वकिलाकडून वाचून घ्या, इंग्रजी चांगलं आहे म्हणून स्वतः वाचू नका. घरातलं एक माणूस महिनोन् महिने मुंबईत राहणार, त्याची नोकरी, शाळेची हजेरी, धाकटं भावंड असेल तर त्याचं कोण बघणार, याचा हिशोब निघण्याआधी करायचा. आणि ऑडिशनचं रजिस्ट्रेशन म्हणून कोणी फोनवर पैसे मागितले तर सरळ ठेवून द्या फोन. आमच्या इथल्या एका वडिलांचे ६,००० गेलेत असे.

मनूचं विचाराल तर ती आता विशारद या वरच्या परीक्षेच्या तयारीत आहे, नंतर अजून एकदा ऑडिशनला गेली, परत दुभाजकात, पण त्या वेळी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जाऊन भेळ खाऊन आली, रडली बिडली नाही.

तुम्ही एवढंच करा, परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा. कोकण रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवार धरून असेल तर लगेच भरतं, त्यामुळे तारीख कळल्या कळल्या बसा. दुसरा दिवस मुलीच्या मनासारखा घालवा, काहीही, समुद्र, म्युझियम, मामाकडे नुसतं लोळणं. सासऱ्यांनाही न्या, त्यांचीच इच्छा आहे ना. फेब्रुवारीच्या सुमारास असेल तर फुलांचं प्रदर्शन कधी आहे बघा. फक्त तिथून पिटुनिया आणू नका. अण्णांनी आणली होती, कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये रात्रभर दोन पायांच्या मध्ये कुंडी धरून, एकाही माणसाला तिकडून जाऊ दिलं नाही. एप्रिलच्या उन्हात गेली ती. आता त्या कुंडीत जास्वंदीची फांदी आहे.